मोझांबिकची काजूबी : निर्यातकर उतरला, कारखाने बंद पडले

१९९५ साली मोझांबिक सरकारने न फोडलेल्या काजूबीवरचा निर्यातकर टप्प्याटप्प्याने उतरवत शून्यावर आणण्याचे मान्य केले. ही अट जागतिक बँकेने घातली होती आणि ती पाळल्याशिवाय पुढील अर्थसाहाय्याचा मार्ग मोकळा होणार नव्हता. कर उतरला की काजूबीला परदेशी भाव मिळेल, तो भाव खेड्यापाड्यांतल्या सुमारे दहा लाख शेतकरी कुटुंबांपर्यंत झिरपेल आणि ही कुटुंबे नवी झाडे लावतील, असा बँकेचा हिशेब होता. पुढील पाच-सहा वर्षांत देशातले बहुतेक मोठे काजू कारखाने बंद पडले, सुमारे दहा हजार कामगारांची नोकरी गेली आणि शेतकऱ्याच्या पदरात जे पडले ते नगण्य होते. मुक्त व्यापाराच्या बाजूने आणि विरोधात हे प्रकरण आजवर असंख्य वेळा उद्धृत झाले आहे, मात्र दोन्ही बाजूंनी ते सोयीपुरतेच सांगितले जाते. काजू हा माल कसा आहे, तो फोडतात कसा आणि विकत घेतो कोण, हे बारकाईने पाहिल्याखेरीज या प्रकरणात नेमके काय बिघडले ते उमगत नाही.

मालाचे स्वरूप

काजूचे झाड मूळचे ईशान्य ब्राझीलचे. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ते गोव्यात आणि आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नेले. रेताड, निकस जमिनीतही ते तग धरते, फारशी मशागत मागत नाही, आणि त्यामुळे मोझांबिकच्या किनारी पट्ट्यात ते हळूहळू घराघरांभोवती पसरले. कोणी आखीव बागा लावल्या म्हणून नव्हे, तर पडलेल्या बिया रुजत गेल्या आणि माणसांनी त्या राहू दिल्या म्हणून हा विस्तार झाला. यातून एक गोष्ट ठरून गेली : मोझांबिकमध्ये काजू हे मळेवाल्यांचे पीक कधीच नव्हते, ते आपल्या शेतात मका आणि कसावा पिकवणाऱ्या आणि आवारात काही झाडे असलेल्या कुटुंबांचे पीक होते. बी गोळा करण्याचे काम मुख्यतः स्त्रिया आणि मुले करीत, आणि वर्षातून एकदा हाती येणाऱ्या त्या रोख पैशांतून कापड, साबण, मीठ आणि अवजारे खरेदी होत.

काजूगर जागतिक व्यापारात फार उशिरा आला, याचे कारण त्याच्या टरफलात आहे. टरफलाच्या दोन थरांमध्ये अनाकार्डिक आम्ल, कार्डोल यांसारख्या द्रव्यांनी भरलेले दाहक तेल असते आणि त्याचा स्पर्श होताच कातडी भाजून निघते. हेच तेल पुढे वाहनांच्या ब्रेकचे अस्तर, रंग आणि राळ यांसाठी उपयोगी ठरले, पण गर खाण्याजोगा बाहेर काढायचा तर आधी या तेलाशी सामना करावा लागतो. त्यात गर वाकडा, ठिसूळ आणि टरफलाच्या आत घट्ट बसलेला असतो. १९२० च्या दशकात केरळमधील कोल्लम येथे या कामाचा मोठा उद्योग उभा राहिला. बी भाजायची, हाताला राख किंवा एरंडेल लावून लाकडी हातोडीने एकेक टरफल फोडायचे, सुईसारख्या अवजाराने गर अलगद मोकळा करायचा आणि मग वरची तांबूस साल काढून प्रतवारी करायची, अशी ती पद्धत होती. काम करणाऱ्या बहुतांश स्त्रिया होत्या आणि मजुरी अत्यल्प होती. अमेरिकेतील मागणी इतकी वाढली की स्थानिक काजूबी पुरेना, आणि कोल्लमचे कारखानदार पूर्व आफ्रिकेतून बी आणवू लागले. यात ऋतूंचीही सोय होती. भारतातला हंगाम मार्च ते मेच्या सुमारास, तर विषुववृत्ताच्या दक्षिणेकडचा ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सुमारास, त्यामुळे आफ्रिकेच्या मालावर भारतातले कारखाने आणखी काही महिने चालवता येत.

काजूगराच्या किमतीत त्याच्या आकाराइतकेच त्याच्या अखंडपणाला महत्त्व असते. व्यापारात ‘डब्ल्यू ३२०’ म्हणतात तेव्हा एका पौंडात साधारण तीनशे ते तीनशे वीस अखंड पांढरे गर भरतात असा अर्थ होतो. पाकळी झालेला आणि तुकडा झालेला गर अखंड गरापेक्षा पुष्कळच स्वस्त जातो. चवीत फरक नसला तरी बाजार अखंड गरालाच मान देतो. पुढील सर्व वादाचे गणित या एका गोष्टीवर उभे आहे.

चढ आणि उतार

पोर्तुगीज राजवटीच्या अखेरच्या काळात, १९६० नंतर, मोझांबिकमध्येच काजू फोडण्याचे मोठे कारखाने निघाले आणि आफ्रिकेत औद्योगिक प्रमाणावर काजू फोडणाऱ्या देशांत तो अग्रभागी आला. १९७० च्या दशकाच्या आरंभी तिथे वर्षाला दोन लाख टनांहून अधिक काजूबी बाजारात येत असे आणि जगातील सर्वांत मोठ्या उत्पादकांत त्याची गणना होई. २५ जून १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला. बहुसंख्य पोर्तुगीज देश सोडून गेले आणि त्यांच्याबरोबर खेड्यातल्या दुकानदारीचे जाळेही उद्ध्वस्त झाले. हे दुकानदार काजूबी विकत घेत आणि त्याच गल्ल्यावरून कापड-मीठ विकत. ते नाहीसे झाल्यावर शेतकऱ्याला बी विकण्याचे प्रयोजनच उरले नाही, कारण हाती आलेल्या नोटांनी घ्यायला दुकानात काही नव्हते.

स्वातंत्र्यानंतर सत्तेवर आलेल्या फ्रेलिमो पक्षाच्या सरकारने १९७८ साली न फोडलेल्या काजूबीच्या निर्यातीवर बंदी घातली. राष्ट्रीयीकृत कारखान्यांना माल मिळावा आणि फोडणीची मजुरी देशात राहावी हा हेतू होता. त्यासाठी शेतकऱ्याला दिला जाणारा सरकारी भाव मात्र महागाईच्या मानाने घसरत गेला. त्यातच फ्रेलिमो आणि रेनामो ही बंडखोर संघटना यांच्यातले यादवी युद्ध पेटले आणि ४ ऑक्टोबर १९९२ च्या रोम करारापर्यंत ते चालले. खेडी ओस पडली, झाडांची निगा थांबली, भुरी रोगाने मोहोर जाळला आणि नवी लागवड जवळजवळ बंद झाली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत बाजारात येणारी काजूबी पूर्वीच्या एक-पंचमांशाच्याही खाली गेली होती. काही अभ्यासक या घसरणीचे सारे खापर निर्यातबंदीवर फोडतात, पण तो युक्तिवाद मला पटत नाही. युद्ध, मोडलेली दुकानदारी आणि म्हातारी झाडे यांच्या तुलनेत बंदीचा वाटा वेगळा काढून मोजणे अवघड आहे, आणि बंदी उठल्यानंतरही उत्पादन पूर्वपदावर आले नाही, हीच गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

बँकेचा युक्तिवाद

मोझांबिक १९८४ साली जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांचा सदस्य झाला आणि लवकरच त्याचा अर्थसंकल्प परकीय मदतीवर विसंबून राहू लागला. १९९१-९२ मध्ये काजूबीच्या निर्यातीवरील पूर्ण बंदी उठवून तिच्या जागी जड निर्यातकर आणि परिमाणाची मर्यादा आणली गेली. त्यानंतर १९९४-९५ मध्ये सरकारी कारखान्यांचे खासगीकरण झाले. खरेदीदारांनी हे कारखाने घेतले ते काही काळ तरी संरक्षण टिकेल या समजुतीवर. आणि त्याच वर्षात बँकेने संरक्षण काढून घेण्याची अट पुढे केली. १९९५-९६ च्या हंगामासाठी कर २० टक्के आणि पुढच्या हंगामासाठी १४ टक्के ठरला, आणि तिथून तो शून्याकडे जायचा होता.

बँकेच्या अर्थतज्ज्ञांचा मुद्दा गैर नव्हता, तो समजून घेतला पाहिजे. त्यांचे म्हणणे असे होते की मोझांबिकचे कारखाने इतके अकार्यक्षम आहेत की गर विकून मिळणाऱ्या परकीय चलनापेक्षा तीच बी न फोडता भारताला विकली तर अधिक चलन मिळेल. म्हणजे फोडणीत मूल्याची भर पडण्याऐवजी घट होते. या घटीचा भार शेवटी सोसतो तो शेतकरी, कारण निर्यातकरामुळे त्याला मिळणारा भाव दाबला जातो.

हे का घडत होते हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहता येईल. समजा, एक टन बीपासून २०० किलो गर निघतो, अखंड गर किलोला ५ डॉलरला आणि तुटका अडीच डॉलरला जातो. हाताने फोडणाऱ्याकडे ८० टक्के गर अखंड राहिला तर त्याच्या हाती ९०० डॉलर येतात. यंत्राने फोडणाऱ्याकडे निम्माच अखंड राहिला तर ७५० डॉलर येतात. बीचा भाव टनाला ७०० डॉलर असेल तर पहिल्याजवळ मजुरी, इंधन आणि नफा यांसाठी २०० डॉलर शिल्लक राहतात, दुसऱ्याजवळ ५०. मोझांबिकचे कारखाने या दुसऱ्या जातीचे होते. वसाहतकाळात त्यांच्यात इटालियन आणि ब्रिटिश बनावटीची मोठी यंत्रे बसवली गेली होती, सुटे भाग परदेशातून आणावे लागत, आणि यंत्र गराला हाताइतक्या हळुवारपणे हाताळत नसे. थोडक्यात, अत्यंत गरीब देशात भांडवलप्रधान कारखाने आणि त्यांचा स्पर्धक मात्र श्रमप्रधान, अशी उलटी स्थिती होती. कामगार संघटनेचे म्हणणे असे की भारतातल्या उद्योगाचा स्वस्तपणा हातफोडणीच्या अल्प मजुरीतून येतो. त्यात तथ्य होते, पण यंत्राच्या दोषाची भरपाई त्याने होत नव्हती.

विरोध आणि फेरविचार

कारखानदारांची संघटना आणि काजू कामगारांचा संघ सिंटिक हे दोघे या धोरणाविरुद्ध एकत्र आले, ही गोष्टच दुर्मीळ म्हणावी लागेल. राजधानी मापुतोतल्या पत्रकारांनी, विशेषतः कार्लोस कार्दोसो यांनी, हा विषय सातत्याने लावून धरला. पुढे २२ नोव्हेंबर २००० रोजी त्यांची हत्या झाली. ती मोझांबिकमधल्याच एका बँकेतील घोटाळ्याच्या त्यांच्या शोधाशी निगडित होती, काजूच्या लेखनाशी नव्हे, पण मोझांबिकच्या सार्वजनिक जीवनातला त्यांचा धाक काजूच्या वादातूनही वाढला होता. १९९७ च्या आरंभी जागतिक बँकेचे अध्यक्ष जेम्स वोल्फेन्सन मापुतोला आले, तेव्हा विरोधाची तीव्रता पाहून त्यांनी धोरणाचा स्वतंत्र अभ्यास करून घेण्याचे मान्य केले. तो डिलॉइट अँड टूश या संस्थेने केला आणि त्याच वर्षी अहवाल दिला. त्यात संरक्षण एवढ्यात काढून घेऊ नये, कारखान्यांना काही काळ वाव द्यावा, असा निष्कर्ष होता. बँकेने स्वतःच मान्य केलेल्या अभ्यासाने बँकेच्याच धोरणाचा पाया काढून घेतला, असा हा पेच होता.

तोवर कारखान्यांचे नुकसान होऊन चुकले होते. बी परदेशी जाऊ लागल्यावर कारखान्यांना पुरेसा माल मिळेना, मिळे तो महाग पडे, आणि बँकांचे कर्ज थकू लागले. १९९९ साली मोझांबिकच्या संसदेने निर्यातकर पुन्हा १८ ते २२ टक्क्यांच्या दरम्यान नेणारा कायदा केला आणि न फोडलेली बी घेण्याचा पहिला हक्क देशातील कारखान्यांना दिला. यावर नाणेनिधीने प्रथम नापसंती दर्शवली आणि २००१ च्या आरंभी माघार घेतली. २००१ पर्यंत मोठे यांत्रिक कारखाने जवळजवळ सर्व बंद झाले होते आणि बेकार झालेल्या सुमारे दहा हजार कामगारांत स्त्रियांची संख्या मोठी होती. त्यांच्यासाठी मापुतो किंवा नाम्पुला प्रांतातल्या छोट्या शहरांत दुसरे कसलेही काम नव्हते.

लाभ गेला कुठे

मार्गारेट मॅकमिलन, डॅनी रॉड्रिक आणि कॅरेन हॉर्न वेल्च या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली या सगळ्याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाने, बीवरील निर्यातनिर्बंध सैल केल्याने झालेला प्रत्यक्ष लाभ वर्षाला सुमारे ६६ लाख डॉलर इतकाच होता, देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.१४ टक्के. शेतकऱ्यांच्या वाट्याला त्यातले फार तर ५३ लाख डॉलर, म्हणजे काजू पिकवणाऱ्या सरासरी कुटुंबाला वर्षाला सुमारे ५ डॉलर ३० सेंट. कारखाने बंद पडल्यामुळे शहरी भागात झालेले नुकसान त्या लाभाच्या बरोबरीचे होते. बँकेचा युक्तिवाद दिशेने बरोबर आणि मापाने पार चुकीचा होता, असे या आकड्यांवरून मला वाटते. शेतकऱ्याला काहीतरी मिळाले, पण दहा लाख कुटुंबांचे भवितव्य पालटेल इतके ते कधीच नव्हते.

लाभ इतका थोडा का राहिला, याचे उत्तर बाजाराच्या रचनेत सापडते. मोझांबिकच्या बीला मुळात एकच मोठे गिऱ्हाईक होते, भारत. एकमेव मोठा खरेदीदार असला की विक्रेत्याला भाव ठरवता येत नाही. देशातली बी निर्यातीसाठी उपलब्ध झाली तशी घेणारा भाव खाली रेटू शकला. देशाच्या आतही परिस्थिती वेगळी नव्हती. दुर्गम खेड्यातून बी गोळा करून बंदरापर्यंत आणणारे मध्यस्थ थोडे, मोटारी त्यांच्याच, रस्ते खराब, आणि शेतकऱ्याजवळ बी साठवण्यासाठी कोरडे कोठार नाही. निर्यात मोकळी झाल्यावर निर्यातदार आणि मध्यस्थ यांच्यातली रस्सीखेच वाढली, आणि बंदरातला भाव खेड्यापर्यंत पोहोचताना कमी कमी होत गेला. करमुक्ततेचा फायदा कुणाला मिळतो हे त्या साखळीतल्या प्रत्येक टप्प्यावर किती लोक खरेदीसाठी उभे आहेत यावर ठरते. भावाचे समीकरण लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण त्याच्या समीकरणात खरेदीदार अगणित असतात.

याहून मोठी उणीव होती ती विश्वासाची. काजूचे कलम लावल्यापासून चांगले उत्पन्न येईपर्यंत काही वर्षे जातात. दोन-तीन वर्षांत तीनदा बदललेला कर पाहणाऱ्या शेतकऱ्याने पुढच्या दशकासाठी रोप का लावावे? कारखानदाराने नवे यंत्र का घ्यावे? १९९४ मध्ये कारखाना विकत घेणाऱ्याला १९९५ मध्ये संरक्षण उरणार नाही हे आधी सांगितले असते तर त्याने किंमत कमी दिली असती किंवा मुळीच घेतला नसता. घेतल्यानंतर सांगितले, म्हणून त्याने आधुनिकीकरण थांबवले आणि कर्ज देणाऱ्यांना तोंड देत बसला. सुधारणांचा क्रम चुकला होता, हे बहुतेकांनी लिहिले आहे. मला अधिक खटकते ती गोष्ट अशी की, गर तोडणाऱ्या यंत्रांऐवजी हाताने फोडण्याची पद्धत आणण्याचा विचार धोरणात कुठेच नव्हता. वाद होता तो केवळ कर किती असावा याचा.

उत्तरार्ध

ते काम पुढे झाले, आणि ते बऱ्यापैकी जमले. २००१ नंतर टेक्नोसर्व्ह या संस्थेच्या मदतीने नाम्पुला प्रांतात छोटे कारखाने उभे राहिले. बी वाफेवर उकडायची, मग पायाने किंवा हाताने चालणाऱ्या साध्या कातरयंत्राने एकेक फोडायची, अशी भारतीय धर्तीची पद्धत त्यांनी घेतली. हे कारखाने खेड्याच्या जवळ होते, त्यांना मोठी वीज लागत नव्हती आणि गर अखंड राहत होता. काही वर्षांत पुन्हा हजारो नोकऱ्या निर्माण झाल्या. पण याला १८ ते २२ टक्क्यांच्या निर्यातकराचा आधार होता हे लक्षात घेतले पाहिजे. त्याशिवाय हे छोटे कारखाने उभे राहिले असते की नाही, यावर दोन्ही बाजू आजही वाद घालतात. करातून मिळणारा पैसा काजू विकास संस्थेकडे जातो, आणि त्यातून रोपे आणि भुरीवरची फवारणी यांसाठी तरतूद होते. ही संस्था १९९७ साली स्थापन झाली, आणि आता ती मॅकाडेमियासह इतर कवचफळांचाही कारभार पाहते.

जागतिक व्यापाराचे चित्र मात्र तोवर पालटले होते. व्हिएतनामने १९९० च्या दशकापासून फोडणीच्या उद्योगात झेप घेतली आणि यंत्रांतही सुधारणा घडवून आणली, तेव्हा आफ्रिकेच्या बीला भारताबरोबर दुसरा मोठा खरेदीदार मिळाला. आयव्हरी कोस्टने काजूबी उत्पादनात पहिला क्रमांक मिळवला, तरी तिथली बहुतेक बी न फोडताच परदेशी जाते आणि तिथेही ती देशात फोडली जावी यासाठी सवलती दिल्या जात आहेत. टांझानियात या प्रश्नाने २०१८ मध्ये वेगळेच वळण घेतले. भाव कमी असल्याचे कारण देऊन राष्ट्राध्यक्ष जॉन मागुफुली यांनी सैन्य पाठवून बी विकत घेण्याचा आदेश दिला. १९७० च्या दशकात टांझानियाने जागतिक बँकेच्याच कर्जातून काजू फोडण्याचे मोठे कारखाने बांधले होते, आणि त्यांतील बरेच मालाअभावी निकामी पडले. मोझांबिकमध्ये दर हंगामापूर्वी तोच प्रश्न पुन्हा मंत्रालयाच्या टेबलावर येतो. कारखानदार म्हणतात, कर कायम ठेवा आणि पहिला हक्क आमचाच असू द्या. निर्यातदार म्हणतात, या हक्कामुळे हंगाम सुरू होऊनही आम्हाला वाट पाहावी लागते आणि तोवर शेतकरी कमी भावात बी विकून मोकळा होतो.